नाव नोंदवलं तिसऱ्या महिन्यात. बाळाचा कणा आणि हृदय मात्र त्याआधीच घडलं

यवतमाळ : बाळाच्या पाठीवर गाठ दिसली किंवा हृदयाला छिद्र निघालं, की घरात चौकशी सुरू होते ती सुनेची. ग्रहणात विळी हातात धरली होती का? पपई खाल्ली होती का? कोणाच्या मयतीला गेली होती का? दिवस राहण्याआधी तिच्या रक्तातली साखर कोणी तपासली होती का, हे मात्र कोणी विचारत नाही. या सगळ्या प्रश्नांत कामाचा तेवढा तोच आहे.

आईला आधीपासून मधुमेह असेल आणि साखर आवाक्यात नसेल, तर बाळात जन्मजात दोष येण्याची शक्यता वाढते. डॉक्टरांना हे कित्येक वर्षांपासून माहीत आहे. एरवी शंभर बाळांमागे दोन-तीन बाळांत काही ना काही मोठा दोष निघतो. आईची साखर सुरुवातीलाच चढलेली असेल तर हे प्रमाण दुपटीपासून चौपटीपर्यंत जातं. म्हणजे मधुमेही आयांचीही बहुतेक बाळं धडधाकटच जन्मतात. दुसरीकडे, ज्या बाळांत दोष असतो त्यातल्या बऱ्याच बाळांच्या आयांना मधुमेह नसतो आणि नेमकं कारणही सापडत नाही. पण साखरेमुळे जे दोष येतात ते हृदयाचे, कण्याचे, मेंदूचे, मूत्रपिंडाचे असतात. कधी बाळाचा कमरेखालचा भागच नीट घडत नाही. हा दोष एरवी फार विरळा, मधुमेही आयांच्या बाळांत मात्र कितीतरी जास्त दिसतो.

यातलं बरंचसं टाळता येतं. अडचण आहे ती तारखांची.

दसऱ्याला चुकलेली पाळी

समजा, केळापूर तालुक्यातल्या एखाद्या बाईची पाळी दसऱ्याच्या सुमारास चुकली. वावरात कापूस फुटलेला, सोयाबीनची सोंगणी चालू. पाळी मागे-पुढे होतेच म्हणून ती आठ-दहा दिवस वाट पाहते. मग दिवाळी येते. दिवाळीपर्यंत पोटातल्या बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीतून घडतात ती नळी बंद झालेली असते. गर्भ राहिल्यापासून साधारण २८ दिवसांत हे काम आटोपतं. ती नळी कुठे उघडी राहिली, तर तिथेच पाठीवरची गाठ किंवा डोक्याचा दोष तयार होतो. कार्तिक पौर्णिमा उलटून आठवडा झाला की हृदयाचे चार कप्पेही घडून होतात.

आता ती बाई आशाताईकडे नाव नोंदवते. सरकारी हिशेबात १२ आठवड्यांच्या आतली नोंदणी 'वेळेत' धरली जाते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात ७० टक्के मातांची पहिली तपासणी पहिल्या तीन महिन्यांत झाली होती. आधीच्या मानाने हा आकडा चांगला आहे. पण वेळेत नोंदवलेल्या बाईचंही पहिलं रक्त काढलं जातं तेव्हा बाळाचा कणा घडून गेलेला असतो. साखरेने जे बिघडवायचं ते बिघडवलेलं असतं. आशाताईंनी हलगर्जी केली असंही नाही, गर्भवतीच्या कार्यक्रमाची सुरुवातच तिथून होते.

आईच्या रक्तातली साखर बाळापर्यंत पोचते, इन्शुलिन पोचत नाही. पहिल्या काही आठवड्यांत बाळाचं स्वतःचं स्वादुपिंड इन्शुलिन बनवण्याच्या अवस्थेतच नसतं. अवयवांचा साचा पडत असताना एवढी साखर त्या कोवळ्या पेशींना सोसत नाही आणि कणा-हृदय घडवणाऱ्या जनुकांचं काम विस्कटतं. म्हणून मधुमेह असलेल्या बाईने दिवस राहण्याआधीच साखर आटोक्यात आणावी असं डॉक्टर सांगतात. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी तपासणी ६.५ टक्क्यांच्या खाली असावी, आणि १० च्या वर असेल तर आधी साखर उतरवावी, गर्भधारणा तोपर्यंत थांबवावी. फॉलिक अ‍ॅसिडची गोळीही दिवस राहण्याआधीपासून लागते. किती ताकदीची ते डॉक्टर ठरवतात. ब्लडप्रेशरच्या, कोलेस्ट्रॉलच्या आणि फिटच्या काही गोळ्या गरोदरपणात चालत नाहीत, त्याही आधीच बदलून घ्याव्या लागतात. स्वतःच्या मनाने बंद मात्र करायच्या नाहीत. फिटची गोळी एकदम सोडणं तर जिवावर बेतू शकतं.

तिशीच्या आतली बाई कोणाच्याच यादीत नाही

'आमची पोरगी काडीसारखी, तिला कुठली शुगर?' हे वाक्य प्रत्येक गावात ऐकायला मिळतं. याचं उत्तर महाराष्ट्रातल्याच खेड्यांतून मिळालेलं आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. या बाया शेतात राबणाऱ्या, अंगाने बारीक. त्यांच्या बाळांचं जन्माचं वजन सरासरी २.७ किलोच्या आसपास, तर इंग्लंडमधल्या बाळांचं ३.५ किलो. पण या हडकुळ्या बाळांच्या अंगावर स्नायू कमी आणि चरबी त्या मानाने टिकून होती. ही मुलं १८ वर्षांची झाली तेव्हा मुलग्यांपैकी तिसऱ्या हिश्शाहून जास्त आणि मुलींपैकी सहाव्या हिश्शाहून जास्त जणांची साखर नेहमीपेक्षा वर निघाली. त्यातली बहुतेक मधुमेहाच्या अलीकडच्या पायरीवर होती, आणि जवळपास निम्मी मुलं वजनाने कमीच होती. बारीक अंग म्हणजे शुगर नाही, असं धरून चालणं म्हणूनच धोक्याचं.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत देशात १० कोटी १० लाख मधुमेही आणि १३ कोटी ६० लाख लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर असल्याचं दिसलं. त्यात गावंही आहेत आणि तरुण बायाही.

या तरुण बाईची साखर तपासायची कोणी? गावोगाव बीपी-शुगरची जी सरकारी तपासणी चालते ती ३० वर्षं आणि त्यापुढच्या लोकांसाठी आहे. आशाताई फॉर्म भरते तोही त्यांचाच. यवतमाळच्या गावांत, तांड्यांवर, पोडांवर ३० वय होईपर्यंत बहुतेक बायांची दोन-तीन बाळंतपणं होऊन ऑपरेशनही झालेलं असतं. म्हणजे मूल होण्याची सगळी वर्षं संपतात तेव्हा कुठे तिचं नाव साखरेच्या यादीत येतं. शाळा सुटली की शाळेची आरोग्य तपासणीही सुटते. मधल्या दहा-बारा वर्षांत तिचं रक्त साखरेसाठी तपासलं जातं ते फक्त गरोदरपणात, आणि ते का उशिराचं आहे ते वर आलंच.

लग्न ठरताना अलीकडे सिकलसेलचं कार्ड विचारलं जातं. सिकलसेलच्या जिल्ह्यात ही चांगलीच गोष्ट झाली. त्याच सुईच्या रक्तात साखरही पाहता येते, पण तसा आग्रह कोणी धरत नाही. सगळ्यांनाच नको म्हटलं तरी जिच्या आई-वडिलांना मधुमेह आहे, जिची पाळी महिनोन् महिने येत नाही, जिचं वजन जास्त आहे, जिचं आधीचं बाळ चार किलोच्या आसपास होतं किंवा पोटातच गेलं, तिने तरी पुढचं मूल होऊ देण्याआधी तपासून घ्यायलाच हवं.

ग्लुकोजचं पाणी आणि सिकलसेलचा घोळ

गरोदरपणातली साखर पकडण्यासाठी केंद्र सरकारने २०१४ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आणि २०१८ मध्ये त्या सुधारल्या. चेन्नईचे डॉ. व्ही. शेषय्या यांनी पुढे आणलेली पद्धत त्यात घेतली आहे. खेड्यासाठी ती सोयीची. उपाशीपोटी यायची गरज नाही. ७५ ग्रॅम ग्लुकोज साधारण ३०० मिलिलिटर पाण्यात घालून पाच-दहा मिनिटांत प्यायचं आणि दोन तासांनी रक्त द्यायचं. आकडा १४० किंवा त्याहून जास्त आला तर गरोदरपणातला मधुमेह समजायचा. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर तपासणी दुसऱ्या दिवशी पुन्हा करायची. ही तपासणी दोनदा होते: पहिल्या भेटीत आणि नंतर २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान. दुसरी वेळ कामाच्या दिवसांत आली की बुडते, कारण दोन तास दवाखान्यात बसायचं म्हणजे अर्ध्या दिवसाची मजुरी गेली. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात डॉक्टर गरोदर बायांना तपासतात. जायचंच आहे तर तपासणी त्याच दिवशी उरकलेली बरी.

यवतमाळसाठी इथे एक वेगळी गोष्ट आहे, आणि ती फारशी बोलली जात नाही. ज्या बाईला सिकलसेलचा आजार आहे तिच्या लाल पेशी लवकर मरतात. त्यामुळे एचबीएवनसीचा आकडा खोटा कमी दिसू शकतो. उलट लोहाच्या कमतरतेने रक्त कमी असेल तर तोच आकडा खोटा जास्त येऊ शकतो. आदिवासी आणि इतर समाजांत सिकलसेल असलेल्या आणि बायांचं हिमोग्लोबिन नेहमीच खाली असलेल्या या भागात त्या एका रिपोर्टवर विसंबून 'शुगर नॉर्मल आहे' म्हणणं बरोबर नाही. सिकलसेलचं कार्ड असेल तर ते डॉक्टरांना दाखवायचं आणि उपाशीपोटीची व ग्लुकोज प्यायल्यानंतरची साखर मोजून घ्यायची.

चौथ्या-पाचव्या महिन्यानंतर पहिल्यांदाच साखर वाढली असेल तर घाबरून जायचं कारण नाही. तोवर बाळाचे अवयव घडून झालेले असतात. या नव्याने आलेल्या साखरेचा आणि जन्मजात दोषांचा संबंध तेवढा घट्ट नाही. तिचा त्रास वेगळा: बाळ खूप मोठं होतं, बाळंतपण अडतं, सिझेरियनची वेळ येते. दोन आठवडे आहार आणि चालणं सांभाळून जेवणानंतरच्या दोन तासांची साखर १२० च्या खाली आली नाही, तर गोळी किंवा इन्शुलिन दिलं जातं. इन्शुलिनची सुई बाळाला बाधत नाही, कारण ते बाळाकडे जातच नाही. 'एकदा सुई लागली की जन्मभर' हा समजही इथे खोटा ठरतो. नव्याने आलेल्या साखरेची सुई बहुतेक वेळा बाळंतपणासोबतच सुटते.

जन्मल्यावर साखर वाढते की उतरते?

आईला शुगर आहे म्हटलं की घरच्यांना वाटतं, बाळालाही मधुमेह होणार. होतं उलटंच. नऊ महिने आईकडून जास्तीची साखर आली म्हणून बाळाचं स्वादुपिंड भरपूर इन्शुलिन बनवायला शिकलेलं असतं. नाळ कापली की साखरेचा पुरवठा थांबतो, इन्शुलिन मात्र चालूच राहतं. मग पहिल्या काही तासांत बाळाची साखर धाडकन उतरते. बाळ थरथरतं, सुस्त पडतं, अंगावर ओढत नाही, कधी झटके येतात. उतरलेल्या साखरेकडे वेळेत लक्ष गेलं नाही तर मेंदूला इजा होऊ शकते.

म्हणून अशा बाळाच्या टाचेतून थेंबभर रक्त घेऊन पहिल्या तासात आणि नंतर दर काही तासांनी साखर पाहतात. ४५ च्या खाली गेली की उपचार लागतात. आणि पहिल्या तासातच अंगावर पाजायचं. मधाचं बोट, गुळाचं पाणी, घुटी यांपैकी काही नको. बाळंतपण घरी झालं किंवा दवाखान्यातून त्याच दिवशी पळ काढला तर हे रक्त तपासायचं राहून जातं.

खरा मधुमेह घेऊन येणारं बाळ

काही बाळं खरोखरच मधुमेह घेऊन येतात. जन्मानंतर सहा महिन्यांच्या आत होणारा हा आजार लाखात एखाद्या बाळाला होतो. २०११ च्या जनगणनेत यवतमाळ जिल्ह्याची लोकसंख्या २७ लाख ७२ हजार होती. ढोबळ हिशेब केला तर जिल्ह्यात दोन-तीन वर्षांत असं एखादं बाळ जन्मत असावं. आईने काय खाल्लं, तिला शुगर होती की नव्हती, याच्याशी त्याचा संबंध नाही. बाळाच्या एखाद्या जनुकात बिघाड असतो आणि त्याचं स्वादुपिंड इन्शुलिन सोडत नाही.

हे बाळ बहुतेक वेळा लहानखुरं जन्मतं. पोटात असताना इन्शुलिनच बाळाला वाढवतं. मधुमेही आईच्या बाळात ते जास्त असतं म्हणून ते थोराड होतं, या बाळात नसतं म्हणून ते हडकतं. पुढे ते दूध पितं, सारखं लघवी करतं, तरी वजन वाढत नाही. लंगोटाला मुंग्या लागल्या तर हसण्यावारी नेऊ नये. मग तोंड सुकतं, टाळू खोल जाते, श्वास जोरात चालतो. इथपर्यंत आलं की निमोनिया किंवा जंतुसंसर्ग समजून औषधं चालू होतात आणि साखर पाहायचं राहतं. ग्लुकोमीटरवर एक थेंब टाकला तर पाच सेकंदात कळतं. लहान बाळाची प्रकृती अशी बिघडली असेल तर नातेवाइकांनीही 'साखर पाहिली का?' असं विचारायला संकोच करू नये.

आशाताईच्या हातात इथे एक चांगलं साधन आहे. दवाखान्यात झालेल्या बाळंतपणानंतर ती तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येते, बाळाचं वजन करते. घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याची ही पद्धत गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने उभी केली आणि पुढे देशाने घेतली. भरपूर पिऊनही दोन भेटींत वजन वाढलं नसेल, तर बाळाला दवाखान्यात न्यायला तेवढं कारण पुरेसं आहे.

जन्मजात दोषांशी या आजाराचा संबंध आहे, पण वेगळ्या वाटेने. मधुमेही आईच्या बाळात साखरेने अवयव बिघडतात. इथे एकच बिघडलेलं जनुक साखर आणि अवयव दोन्ही बिघडवतं. काही बाळांत मधुमेहासोबत हृदयाचा दोष असतो, काहींचं स्वादुपिंडच घडलेलं नसतं, काहींची जीभ मोठी आणि बेंबी बाहेर आलेली असते, काहींना झटके येतात आणि वाढ मागे पडते. एका प्रकारात पुढे हाडं आणि यकृतही बिघडतं. हा प्रकार रक्ताच्या नात्यातल्या लग्नांत जास्त दिसतो, कारण आई-वडील दोघांकडून तोच बिघाड येतो. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत ज्या घरांत आहे तिथे असं एक बाळ झालं असेल, तर पुढच्या वेळी आधी डॉक्टरांशी बोलावं.

या आजाराची एक बाजू मात्र खरंच दिलासा देणारी आहे. सहा महिन्यांच्या आत मधुमेह निघाला तर तो मोठ्या मुलांना होतो तसा 'टाइप वन' बहुधा नसतो. इंग्लंडमधल्या एक्सेटरच्या शास्त्रज्ञांनी २००४ मध्ये दाखवून दिलं की यातल्या बऱ्याच बाळांत इन्शुलिन बनतं, पण बाहेर पडण्याचं दार अडकलेलं असतं. ग्लिबेनक्लामाइड ही मधुमेहाची जुनी, स्वस्त गोळी ते दार उघडते. २००६ मध्ये त्यांनी अशा ४९ रुग्णांना गोळी देऊन पाहिली, तेव्हा ४४ जणांचं इन्शुलिन सुटलं. दिवसाला तीन-चार सुया टोचून घेणाऱ्या पोराला गोळी चालते की नाही, हे जनुकाच्या तपासणीवरून कळतं. भारतात चेन्नईची मद्रास डायबिटीस रिसर्च फाउंडेशन हे काम करते, आणि एक्सेटरची प्रयोगशाळा नऊ महिन्यांच्या आत मधुमेह निघालेल्या बाळांची तपासणी मोफत करते. रक्ताचा नमुना डॉक्टरांमार्फत जातो. रिपोर्ट येईपर्यंत इन्शुलिन थांबवायचं नाही, आणि गोळीही घरी देऊन पाहायची नाही, कारण सगळ्याच प्रकारांत ती लागू पडत नाही. काही बाळांचा मधुमेह तर काही महिन्यांत आपोआप जातो आणि तरुणपणी परत येऊ शकतो. म्हणून ती फाइल जपून ठेवायची.

जिल्ह्यात आज कोणा मुलाला सहा महिन्यांच्या आत मधुमेह निघाला होता आणि ते मूल आता दहा-पंधरा वर्षांचं होऊन सुया घेत असेल, तर त्याचीही ही तपासणी करता येते. उशीर झाला म्हणून ती वाया जात नाही.

दीड महिन्याची लस आणि आईचं रक्त

जन्मजात दोष असलेल्या बाळांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. २०१३ मध्ये तो आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. फाटलेला ओठ, वाकडे पाय, हृदयाचं छिद्र, पाठीवरची गाठ यांची तपासणी आणि उपचार त्यातून होतात, पथकं अंगणवाडीत येतात. पण हे सगळं दोष झाल्यानंतरचं.

त्याआधीची एक जागा जिल्ह्यात तयार आहे, फक्त वापरली जात नाही. गरोदरपणात जिला शुगर निघाली होती तिची बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी पुन्हा ग्लुकोजची तपासणी करावी, असं सरकारी सूचनांतच लिहिलेलं आहे. बाळ झालं, सुई बंद झाली, शुगर गेली, असं समजून बाई परत येत नाही. काहींची साखर खरोखर गेलेली असते. काहींची आत राहते आणि दीड-दोन वर्षांनी पुन्हा दिवस राहतात तेव्हा ती पहिल्या दिवसापासून हजर असते. पहिल्या खेपेला उशिरा आलेली साखर दुसऱ्या खेपेला कणा घडत असतानाच रक्तात असते.

सहा आठवडे म्हणजे दीड महिना. बरोबर त्याच दिवसांत बाळाला पेंटाव्हॅलंटचा पहिला डोस असतो, आणि तो चुकवणाऱ्या आया कमी. ती आई लसीकरणाच्या दिवशी उपकेंद्रात बसलेलीच असते. बाळाला लस द्यायच्या आधी तिला ग्लुकोजचं पाणी दिलं, तर दोन तासांनी, बाकीच्या बाळांच्या लसी होईपर्यंत, तिचंही रक्त घेता येतं. ग्लुकोज, ग्लुकोमीटर आणि नर्स हे सगळं गरोदर बायांसाठी तिथे लागतंच. आकडा २०० किंवा त्यावर आला तर तिला मधुमेह आहे. १४० ते १९९ मध्ये असेल तर ती उंबरठ्यावर आहे आणि तिची दरवर्षी तपासणी हवी. यासाठी नवी योजना लागत नाही. तालुका आरोग्य अधिकाऱ्याने लसीकरणाच्या यादीत आईच्या नावापुढे एक रकाना वाढवला तरी काम सुरू होतं. तोपर्यंत ज्या बाईच्या कार्डावर गरोदरपणात शुगर लिहिलेली आहे, तिने दीड महिन्याच्या लसीला जाताना ते कार्ड सोबत न्यावं आणि स्वतःच्या रक्ताचं स्वतःच विचारावं.